अंब्रुशचं गाणं

माझा मेहुणा अंब्रुश वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर बरं झालं असतं. दारूड्या, जुगारी, हात उचलणाऱ्या नवऱ्याला सोडून बाई निघाली, तर आमच्या तिसा नदीकाठचे लोक चार दिवस कुजबुजतात आणि पाचव्या दिवशी तिच्या बाजूचे होतात. पण अंब्रुश बायकोचे हात हातात घेऊन डोळे पुसायचा. हिवाळ्यात तिची बोटं गार पडू नयेत म्हणून पियानोच्या खोलीत दोन शेगड्या पेटवायचा. अशा माणसापासून सुटायचं असेल तर कुणाकडे तक्रार करायची आणि काय म्हणून?

त्याचं खूळ एकच. त्याचं गाणं.

आमच्याकडे जमीनजुमला असलेल्या प्रत्येक पुरुषाचं आपलं म्हणून एक गाणं असतं. बापाकडून आलेलं असतं, नाहीतर तरुणपणी कधीतरी काळजाला लागलेलं. तो खाणावळीत पाऊल टाकतो तेव्हा रोमा जमातीच्या वादकांनी त्याचंच गाणं धरायचं. शेजारच्याचं धरलं तर खुर्च्या मोडेपर्यंत भांडणं होतात. अंब्रुशचं गाणं जुनं होतं. नदीला पूर येतो, होडीचा दोर तुटतो आणि पलीकडच्या काठावरची मुलगी पलीकडेच राहते, एवढीच कथा. त्याच्या बापाच्या प्रेतापुढेही तेच वाजलं होतं.

माझी धाकटी बहीण एतेल्का पेश्त शहरात पियानो शिकत होती, तेव्हा हे गाणं तिनं एका धोबिणीच्या तोंडून ऐकलं आणि त्याच्यावर एक मोठी थोरली रचना बांधली. ते कुणाच्या मालकीचं आहे हे बिचारीला काय माहीत! आधी संथ भाग. डावा हात तारा थरथरल्यासारखा घुमत राहायचा आणि उजव्या हातातलं गाणं प्रत्येक ओळीच्या शेवटी गिरक्या घेत, अडखळत, हुंदका आवरावा तसं खाली यायचं. मग जलद भाग. त्यात एकाच पट्टीवर तीन बोटं आळीपाळीनं अशी पडायची की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. हात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उड्या मारायचे, एकमेकांच्या अंगावरून जायचे, आणि शेवटी सगळा पियानो गाडीला जुंपलेल्या घोड्यासारखा हादरायचा. पेश्तच्या सभागृहात लोकांनी टोप्या उडवल्या होत्या. त्या लोकांत अंब्रुशही होता. कार्यक्रम संपल्यावर तो लाल डोळ्यांनी तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हे माझं गाणं आहे."

तिला वाटलं, कौतुक करतोय. तो मालकी सांगत होता.

लग्न झालं, आणि मी विधवा झाले तशी मीही त्याच घरात आले. मी त्या घरची पाहुणी. म्हणजे कोठीच्या किल्ल्या सांभाळणारी बिनपगारी बाई. माझ्या पानात कुणी कमी वाढलं नाही, पण कुणी वाढतंय हे मला विसरूही दिलं नाही.

पियानो कुठं ठेवायचा ते अंब्रुशनं ठरवलं. एतेल्काला वाजवता वाजवता त्याची मान दिसली पाहिजे, अशा जागी तो ठेवला गेला. कारण संथ भाग किती वेळ चालायचा हे ठरवणारा मालक असतो. तो डोळे मिटून आपल्या दुःखात बुडतो, पोटभर बुडून झालं की मान हलवतो, आणि मग वादक जलद धरतात. मान हलेपर्यंत पुन्हा पहिल्या ओळीवर यायचं. रोमा वादकांना याचं काही वाटत नाही, त्यांची रोजी आहे. पण माझी बहीण संध्याकाळमागून संध्याकाळ त्या मानेकडे बघत एकाच होडीचा दोर तोडत बसलेली मी पाहिली आहे. दुसरं काही वाजवायला बंदी नव्हती हं! फक्त दुसरं काही सुरू झालं की तो हळूच उठून बाहेर जायचा, आणि त्याच्यामागून त्याची कुत्रीही. पाहुणे आले तरी तेच. "वहिनी, अंब्रुशचं गाणं होऊ द्या." तिनं रचलेलं, पण त्याला तिचं म्हणणारा कुणी नव्हता.

त्या साली द्राक्षांच्या तोडणीला तिचे जुने गुरुजी व्हेंदेल पेश्तहून आले. तिथं वसंतात नवी संगीतशाळा निघत होती आणि शिकवायला माणूस हवा होता. त्यांनी तिचं नाव सुचवलं होतं. फक्त नवऱ्याची संमती हवी, कारण नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला आमच्या देशात स्वतःची सावलीही हलवता येत नाही. एतेल्कानं अंब्रुशला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "बघू. माझ्या नामदिवशी सांगतो."

नामदिवस, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा दिवस, डिसेंबरात. त्याचं 'बघू' मला ठाऊक होतं. गळकं छप्पर, आंधळी घोडी, माझ्या खोलीचं मोडकं दार, सगळं 'बघू'तच होतं.

"तो नाही म्हणणार," एतेल्का म्हणाली. आम्ही दोघी कोठीत अक्रोड फोडत बसलो होतो. "प्रेमानं नाही म्हणेल, आणि मी परत काही विचारू शकणार नाही."

"तो तुला धरून ठेवतो ते कशासाठी?" मी म्हणाले. "तू देखणी आहेस म्हणून? स्वयंपाक करतेस म्हणून? तुला साधं अंडं उकडता येत नाही."

"ताई!"

"तू चांगली वाजवतेस म्हणून. मग वाईट वाजव."

ती हसायला लागली. मग तिचं हसू थांबलं आणि तिनं हातातला अक्रोड खाली ठेवला.

"चुका केल्या तर तो डॉक्टर बोलावेल," ती हळूच म्हणाली. "चुकून नाही चालायचं. सगळं बरोबर वाजवायचं. फक्त आत काही ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली. अंब्रुश रानडुकरांच्या शिकारीला गेला होता. परीक्षक मी, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण कुठं रडू येतं ते कळतं, आणि अंब्रुशलाही तेवढंच कळत होतं.

"कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं."

"अगं, मी किती कोरडं वाजवलं!"

"दुसऱ्या ओळीला माझ्या पोटात कालवलं. ते काढून टाक."

तिनं दुसऱ्या ओळीतलं कालवणारं काढलं. मग तिसऱ्या ओळीतला थबका काढला. उसासा घेतल्यासारखी ती एक जागा होती, तीही सरळ केली. लोणी काढून घेतलेल्या ताकातही पाणी घालावं, तसा आमचा उद्योग चालला होता. एकदा मी म्हणाले, "हां, आता अगदी शाळेच्या घंटेसारखं झालं," तेव्हा ती खूश व्हायच्या ऐवजी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, "हे एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं."

अंब्रुश परतला त्या संध्याकाळी तिनं तसंच वाजवलं. त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मान लवकर हलली. असे दोन आठवडे गेले. आधी तो म्हणायचा, "दमलीस का?" मग म्हणायचा, "हवेनं पियानो बिघडलाय." शेवटी शेवटी तर तो संथ भाग चालू असताना कुत्रीच्या कानातली गोचीड काढत बसला, आणि मी भिंतीआड उभी राहून देवाचे आभार मानले. देवाला काय वाटलं असेल ते देव जाणे.

मी आणखीही एक काम करून ठेवलं होतं. केलेमेन म्हणून आमच्या जिल्ह्याचे न्यायाधीश होते, अंब्रुशचे शाळासोबती. मनाचे मऊ आणि हंसाच्या भाजलेल्या मांडीपुढे त्याहून मऊ. त्यांना मी सांगून ठेवलं, की वाजवणं संपलं की सगळ्यांसमोर तुम्ही पेश्तचा विषय काढा. अंब्रुश चारचौघांत दिलेला शब्द फिरवत नाही.

"बिनघोर राहा, सिदोनियाबाई," ते म्हणाले. "त्याला मी साक्षीदारासारखा उभा करतो."

माझी पेटी भरून तयार होती. एतेल्काची पण मीच भरली, वर हिवाळी शाल घातली आणि पलंगाखाली सरकवली. मला पेश्तला एक खोली हवी होती, जिचं दार मी आतून लावू शकेन. बाकी मला संगीतशाळेचं काही देणंघेणं नव्हतं.

नामदिवस उजाडला तो चिखलात. गाड्या चाकाच्या कण्यापर्यंत रुतत होत्या आणि आमचे गडी बैल लावून पाहुण्यांना एकेक करून ओढून आणत होते. तरी सगळे आले. आमच्याकडे नामदिवस चुकवलेला माणूस मेलेला तरी असतो किंवा रागावलेला. दुपारी सूप झालं, भरलेला कोबी झाला, हंस झाले, खसखशीचा केक झाला. बोल्दी आपल्या रोमा वादकांना घेऊन दाराशी उभा होता. त्यानं व्हायोलिनवर अंब्रुशचं गाणं मालकाच्या कानाशी वाजवलं, रिवाजाप्रमाणे, आणि मग गज छातीशी धरून मागे सरला. "आता बाईसाहेब," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आदर होता. तिची जलद बोटं ऐकायला तो चिखल तुडवत आला असता.

एतेल्का बसली. तिनं सुरुवात केली, आणि काय सांगू, आमची दोन आठवड्यांची मेहनत फळाला आली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. पाहुण्यांनी आधी माना डोलवायची तयारी केली होती, त्या माना तशाच राहिल्या. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात डुकरांच्या भावाची चर्चा सुरू झाली. बोल्दी जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटलं, पण पेटीची आठवण काढून मी ते गिळलं. अंब्रुशचा चेहरा मात्र बघवत नव्हता. तो डोळे उघडे ठेवून स्वतःचं गाणं शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं.

चौथ्या फेरीत त्यानं हात वर केला. मान नाही, हात.

"राहू दे, एतेल्का," तो म्हणाला. "राहू दे."

ती थांबली. मी केलेमेनसाहेबांच्या बुटावर बूट ठेवून दाबला. ते हाडूक खाली ठेवून उठले.

"अंब्रुश, तू आज पेश्तबद्दल सांगणार होतास. त्या शाळेचं काय ठरवलंस?"

अंब्रुशनं बायकोकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. घरातलं कुणी आजारी असावं आणि औषध आपल्याजवळ नसावं, तसा तो पाहत होता.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "इथं तिचे हात वाळून गेले. सगळ्यांसमोर सांगतो. जा, एतेल्का. वसंतापर्यंत कशाला थांबतेस, या आठवड्यातच जा. तुझी ताई येईल सोबतीला."

असा शब्द! भरल्या घरात, न्यायाधीशासमोर! माझ्या कानांत घंटा वाजायला लागल्या. आता एकच करायचं होतं. तिनं उठायचं, नवऱ्याला नमस्कार करायचा आणि माझ्याजवळ येऊन बसायचं. एवढंच.

पण खोलीत कुणी हललं नाही. पेला उचलायला गेलेला हात पेल्यापाशीच थांबला. अंब्रुशच्या म्हाताऱ्या मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली. मला कळायला एक क्षण लागला. संथ भाग झाला होता आणि जलद झाला नव्हता. आमच्याकडे असं कुणी सोडत नाही. बोल्दीच्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं, की माणसाला रडवलं तर नाचवूनच घरी पाठवायचं. नाहीतर ते रडू त्याच्या घरात जाऊन बसतं. नामदिवशी तर त्याहून वाईट. सगळे वाट बघत होते, कुणी तरी ते मिटवावं म्हणून.

बोल्दी भला माणूस. त्यानं ओळखलं, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि गज उचलला. 'मी उरकतो, बाईसाहेब,' असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मी मनात म्हणाले, वाजव रे बाबा, लवकर वाजव.

एतेल्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी डोळ्यांनी खुणावलं, ऊठ. ओठांनी म्हणाले, ऊठ. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं बाह्या मनगटाच्या वर सारल्या, आणि या घरात पहिल्यांदाच कुणाच्या मानेकडे न बघता तिनं जलद धरलं.

आधी एकच सूर, तीन बोटांनी, इतका बारीक की पत्र्यावर गारा पडायला लागल्यात असं वाटलं. मग त्या गारा वाढल्या. मग डाव्या हातानं खालून ठेका दिला आणि कुणाचा तरी पाय फरशीवर आपटला. दोन आठवडे आम्ही जे जे काढून टाकलं होतं, ते ते सगळं ती परत घालत होती, दामदुपटीनं. तिचे हात एकमेकांवरून उड्या मारत होते, सूर खालून वर नि वरून खाली ओतले जात होते, शेगडीवरची चिमणी थरथरत होती. बोल्दीला राहवेना, त्यानं साथ धरली, त्याचे वादक त्याच्यामागे. पाहुणे उठले. डुकरांचे भाव करणारे उठले. मावशी उठली. केलेमेनसाहेबांनी माझ्या कमरेत हात घातला, आणि मी, जिची पेटी पलंगाखाली भरून तयार होती ती मी, कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत नाचले. पाय माझे नव्हतेच. त्या वेळी मला कुणी पेश्त कुठंय विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अंब्रुश मधोमध होता. रडत होता आणि टाचा आपटत होता. शेवटचे सूर पडले तेव्हा त्यानं पेला भिंतीवर फोडला, पियानोपाशी गुडघ्यांवर बसला आणि तिचे दोन्ही हात तोंडावर धरले.

"कुठं जा? कोण म्हणालं जा?"

"तूच म्हणालास," केलेमेनसाहेब धापा टाकत म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मी म्हणालो ते मेलेल्या हातांना! हे तर जिवंत आहेत! बघा, जिवंत आहेत! हे मी पेश्तला पाठवू? अरे, माझा जीव पाठवू?"

"बरोबर आहे," न्यायाधीश मोठ्यानं म्हणाले. "शब्द आजारी बाईला दिला होता. बाई बरी झाली, शब्द रद्द!"

सगळं घर हसलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या केलेमेनसाहेबांनीच वाजवल्या, ज्यांना मी कोपऱ्यात घेऊन तिच्या बाजूनं बोला म्हणून विनवलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी जे ऐकलं होतं ते ऐकून तिला जाऊ द्या म्हणणारा माणूस दगडाचाच असायला हवा.

आणि एतेल्का हसत होती. तिचे केस सुटले होते, कपाळ घामानं ओलं होतं, आणि ती लग्नाआधी पेश्तला हसायची तसं हसत होती. शब्द तिच्या कानांपर्यंत पोचायला उशीर लागला. ते पोचले, तरी हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायचं तिला सुचेना.

"पुन्हा," अंब्रुश खुर्चीत बसत म्हणाला. "पहिल्यापासून. संथ."

त्यानं डोळे मिटले. तिनं त्याच्या मानेकडे पाहिलं आणि सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या गाड्या चिखलातून ओढून काढल्यावर ती कोठीत आली. मी उष्टी चमच्याकाट्यांची रास पुसत होते. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं आणि बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"बोल्दी वाजवणारच होता," मी म्हणाले. "त्यानं गज उचलला होता, एतेल्का. तू नुसतं बसून राहायचं होतंस. तोंडापाशी आलेला घास होता. का गं?"

ती दाराला टेकून उभी होती. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे तिला सांभाळायला दिले होते.

"दोन आठवडे मी वाईट वाजवलं, ताई," ती म्हणाली. "मला भूक लागली होती."

उपाशी माणसाला तू का जेवलास म्हणून विचारायचं? माझा राग तिच्यावर होता, तो कुठं ठेवावा मला कळेना. वरून अंब्रुशची खोकल्याची उबळ ऐकू आली, मग त्याची हाक. त्यानं न्याहारीआधीच शेगड्या पेटवून घेतल्या होत्या. ती गेली.

थोड्या वेळानं संथ भाग सुरू झाला. पहिली ओळ, दुसरी, तो थबका, तो उसासा. काही एक कमी नव्हतं. मी माझ्या खोलीत जाऊन मोडकं दार ओढून घेतलं, पलंगाखालची पेटी बाहेर काढली आणि कपडे परत खुंटीला लावत बसले. ती इतकं सुंदर वाजवत होती की मधेच हात थांबवून मी ऐकत राहिले, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.